राजीनामा मंजूर

वामनराव पेंडुरकर हे नवयुग ललितकला प्रसारक मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष, आणि राजीनामा देण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरील असा माणूस अख्ख्या सानपाड्यात नव्हता.

मंडळ त्यांनी काढलं ते नव्वद साली, गिरगाव सोडून इथल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर. तेव्हा सानपाड्यात बिल्डिंगा होत्या, अधूनमधून पाणी होतं, आणि संध्याकाळी करायला काहीही नव्हतं. विमा कंपनीत असताना वामनरावांनी ऑफिसच्या नाटकांतून कामं केली होती. नव्या शहराला नाटक पाहिजे, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले. ते सांगणं एकदाचं थांबावं म्हणून लोक सभासद झाले, असं त्यांची बायको जयमाला म्हणायची. काही का असेना, मंडळ झालं. रजिस्टर झालं, रबरी शिक्का आला, आणि वामनरावांना सगळे अण्णा म्हणायला लागले.

कार्यकारिणीच्या सभेत आपल्या मनाविरुद्ध काही घडतंय असं दिसलं की अण्णा उभे राहायचे. चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, “मग माझा राजीनामा समजा.” एवढं बोलून ते दाराकडे निघायचे. दाराशी चपला. अण्णांच्या चपलांना मागून पट्टे होते आणि पट्ट्यांना बक्कल. पहिलं बक्कल लागेपर्यंत खजिनदार बंडू सावे धावत येऊन त्यांचा दंड धरायचा. उपाध्यक्ष गोटीराम मढवी बसल्या जागेवरून म्हणायचे, “अण्णा, काय ह्ये? बसा बगू.” मग ‘तुमच्या शब्दाखातर’ म्हणत अण्णा परत यायचे, चहा यायचा, आणि अण्णांना हवा तो ठराव एकमताने पास व्हायचा. पडद्याचा रंग, स्मरणिकेवरचा फोटो, कोजागिरीच्या दुधात केशर घालायचं की नाही, असे कितीतरी प्रश्न मंडळाने ह्या पद्धतीने सोडवले होते.

सत्त्याण्णव साली मंडळाच्या सेक्रेटरींची नागपूरला बदली झाली. नवीन सेक्रेटरी कोण, ह्यावर सभेत बराच वेळ सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि शेवटी त्या दिवशी जी हजर नव्हती तिला निवडून मोकळे झाले. ती सुचिता काळभोर. मूळची पुण्याकडची, तिशी उलटलेली, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत प्लॅनिंग खात्यात होती. कुठल्या टाकीत कधी काय पडलं पाहिजे आणि ते नाही पडलं तर पुढे काय काय अडेल, हे ठरवण्यात तिचा दिवस जायचा. आपली निवड झाल्याचं कळल्यावर तिने एक अशी गोष्ट केली, जी मंडळात आजवर कोणीच केली नव्हती. तिने ते काम मनावर घेतलं.

सांस्कृतिक संस्था कशा चालवाव्यात ह्याचं मुंबईत दोन दिवसांचं शिबिर होतं, तिथे ती रजा काढून गेली. परत आल्यावर महिनाभर रोज संध्याकाळी एकेका बिल्डिंगमध्ये जाऊन दारं ठोठावली आणि लोकांना विचारलं, तुम्ही मंडळाच्या नाटकाला का येत नाही? लोकांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, त्यामुळे त्यांनी मनापासून उत्तरं दिली.

ती उत्तरं घेऊन सुचिता सभेला आली. सोसायटीच्या ऑफिसात, मीटरच्या पेटीखाली, नेहमीची सातआठ मंडळी बसली होती. गोटीरामशेठ डोळे मिटून. ते सानपाडा गावातले. वडिलोपार्जित शेतं नव्या शहरात गेल्यावर त्यांनी मंडप डेकोरेशनचा धंदा काढला होता. मंडळाला मंडप आणि खुर्च्या ते फुकट द्यायचे, म्हणून उपाध्यक्ष. सभेत मात्र ते बसले की झोपायचे.

“अण्णा, लोकांना नाटक आवडतं,” सुचिता म्हणाली.

“मला ठाऊक आहे,” अण्णा म्हणाले.

“पण आपलं नाटक असतं रविवारी चार वाजता. चारला पाणी येतं.”

“कलेचा आणि पाण्याचा संबंध काय?”

“पाणी भरायला घरात कोणीतरी लागतं ना, अण्णा. आणि दुसरं म्हणजे, लोक म्हणतात, दर वर्षी तेच नाटक असतं.”

ते ‘तेच नाटक’ म्हणजे ‘बुरुजाची आण’, तीन अंकी, ऐतिहासिक, लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख भूमिका वामनराव पेंडुरकर. तिसऱ्या अंकात अण्णांचा सरदार घायाळ होऊन बुरुजाला टेकायचा आणि मरायला लागायचा. मरताना त्याचं एक भाषण होतं.

“मागच्या वर्षी पडदा पडला तेव्हा खाली बसलेल्यांपेक्षा स्टेजवर जास्त माणसं होती,” सुचिता म्हणाली.

“ते सैन्य होतं!” अण्णा कडाडले.

“हो, पण त्या सैन्याच्या घरचेसुद्धा आले नव्हते.”

मग तिने आपली योजना मांडली. वर्षाला एकच मोठं नाटक करून दमण्यापेक्षा चार छोटे कार्यक्रम. वेळ संध्याकाळी साडेसहाची. वर्षाचा एकच पास, म्हणजे लोक धरून राहतील. नाटकाची निवड सगळ्यांनी मिळून करायची, कामं वाचून घेऊन द्यायची. पदाधिकारी दर दोन वर्षांनी बदलायचे. “आपण आधी हे ठरवलं पाहिजे,” ती म्हणाली, “की तीन वर्षांनी आपल्याला कुठे असायचंय.”

“मी तर पनवेलला असणार,” बंडू म्हणाला. “फ्लॅट बुक केलाय.” आणि असलं भविष्याचं बोलणं सहन न होऊन तो चहा सांगायला बाहेर पडला.

‘पदाधिकारी बदलायचे’ हे शब्द अण्णांच्या कानात गरम तेलासारखे शिरले होते. ते उठले. चष्मा काढला, खिशात ठेवला.

“मग माझा राजीनामा समजा.”

सुचिताने पेनाचं टोपण काढलं. “कारण काय लिहू, अण्णा?”

अण्णा दाराकडे निघाले होते, ते थबकले. राजीनाम्याचं कारण आजवर कोणी विचारलं नव्हतं. “लिहा,” ते म्हणाले, “कलेची अवहेलना.”

तिने लिहिलं. “सूचना माझी. अनुमोदन कोण देतंय?”

नेमकं तेव्हाच बंडूने बाहेरून खिडकीत डोकं घातलं आणि विचारलं, “चहा कोणाकोणाला?” गोटीरामशेठनी डोळे न उघडता हात वर केला. त्यांचा पाहून बाकीच्यांनीही केले.

“एकमताने मंजूर,” सुचिता म्हणाली. “आणि मंडळ अण्णांचं कायम ऋणी राहील, असाही ठराव घेऊ या.” तोही मंजूर झाला.

अण्णा दाराशी वाकून बक्कल लावत होते. पहिलं लावलं. मग ते नीट लागलं नाही असं त्यांना वाटलं, म्हणून सोडून परत लावलं. दुसरं बक्कल लावायला त्यांनी एवढा वेळ घेतला की तेवढ्यात एखाद्याने नवी चप्पल शिवून दिली असती. आत सभा पुढच्या विषयावर गेली. चहावाल्या पोऱ्याला घेऊन बंडू परत आला. तो अण्णांच्या बाजूने वाट काढत म्हणाला, “निघालात, अण्णा? चहा घेऊन जा ना.”

अण्णांनी दाराबाहेर उभं राहून चहा घेतला आणि ते घरी गेले.

“लवकर आलात?” जयमालाबाई भाकरी थापत होत्या.

“राजीनामा दिला.”

“बरं. हातपाय धुवा.”

“जयमाला, मंजूर झाला.”

त्यांचा हात परातीत थांबला. “कोणी केला?”

“त्या पोरीनं. सुचितानं.”

“चांगली हुशार दिसते,” जयमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी तव्यावर टाकली.

अण्णांना मात्र खात्री होती की हा सगळा गैरसमज आहे. सभा संपल्यावर मंडळींच्या लक्षात येईल. जीभ चावतील. रविवारी शिष्टमंडळ येईल. त्यांनी जयमालाबाईंना चिवडा करायला सांगितला आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा झब्बा घालून बसले. आल्याबरोबर एकदम हो म्हणायचं नाही, आधी जरा मागचं काढायचं, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं.

साडेदहाला बेल वाजली. बंडू सावे एकटाच.

“ये,” अण्णा खिन्नपणे म्हणाले. “मला माहीत होतं तू येणार. पण बंडू, ज्या घरातून माणूस एकदा मानाने बाहेर पडतो...”

“अण्णा...”

“मला बोलू दे. सात वर्षं मी ह्या मंडळाला रक्त दिलं. आता तुम्ही लाख म्हणाल...”

“अण्णा, कपाटाची किल्ली.”

“काय?”

“मंडळाच्या कपाटाची. तुमच्याकडे राहिलीय. सुचितामॅडमना पडदे काढायचेत धुवायला.”

अण्णांनी किल्ली दिली. बंडू चिवडा खाऊन गेला. दोनदा घेतला.

त्यानंतर अण्णा पेटले. नवं मंडळ काढायचं. ह्यांच्या नाकावर टिच्चून काढायचं. रजिस्टर करायला सात माणसं लागतात, आणि सात माणसं म्हणजे काय, जिन्यात मिळतील. पण जिन्यातली माणसं आता जुनी झाली होती. अण्णांची खाकरण्याची सवय त्यांना ओळखीची होती, ती ऐकू आली की दारं लागायची. जयमालाबाई म्हणाल्या, “मी सही करते, पण अध्यक्ष मी.” तेव्हा अण्णांनी तो विषय घरात बंद केला आणि ते थेट गोटीरामशेठकडे गेले. शेठ आपल्या बाजूला आले की मंडप आला, खुर्च्या आल्या.

गोटीरामशेठ गावातल्या घराच्या ओट्यावर बसून मंडपाचे दोर सोडवत होते. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली, बायकोला हाक मारून पाणी मागवलं. अण्णांनी सगळं ऐकवलं आणि शेवटी म्हणाले, “शेठ, तुम्ही त्या दिवशी झोपेत हात वर केलात. चहासाठी. त्या एका हातावर माझा राजीनामा मंजूर झाला. तुम्ही तसं लिहून द्या.”

गोटीरामशेठनी दोर खाली ठेवला. “अण्णा, खोटं कशाला बोलू? मी झोपलो नव्हतो.”

“अहो, डोळे मिटलेले होते तुमचे!”

“डोले मिटलेले होते, कान उगडे होते. ती पोर बोलली अनुमोदन, मी हात वर केला. चहा त्यात आपोआप आला.”

अण्णांनी सवयीने चष्मा काढून खिशात ठेवला. पण इथे राजीनामा द्यायला काही नव्हतं.

“राग नका मानू,” गोटीरामशेठ म्हणाले. “मानूस तुमी मोठे हाव. तुमी नसते तर मंडल झालं नसतं. पन तुमचा तो सरदार, अण्णा, पाच वरसं मरतोय. दरसाल जरा जास्तच वेल घेतो मराला. मी मागं उभा असतो, माझी मानसं मंडप सोडायला खोलंबलेली. मागच्या साली एकानं मना विचारलं, शेठ, ह्याला कोनी पानी पाजलं तर लवकर जाईल काय?”

अण्णा पाणी न पिता उठले आणि घरी येऊन आडवे झाले. दोन दिवस ते जयमालाबाईंशीसुद्धा बोलले नाहीत. जयमालाबाईंच्या हे लक्षात आलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. कारण त्या हल्ली रोज संध्याकाळी “मी जरा येते” म्हणून कुठेतरी जात आणि येताना गुणगुणत येत. अण्णा स्वतःच्या दुःखात इतके गढले होते की कुठे जातेस हे विचारायला त्यांना बरेच दिवस लागले.

“तालमीला,” जयमालाबाई म्हणाल्या.

“कसल्या?”

“मंडळाच्या. एकांकिकेत काम आहे माझं. प्रमुख.”

अण्णा पलंगावर उठून बसले. “तुला नाटक येतं?”

“इतकी वर्षं तुमची वाक्यं घोकून कोण घेतं तुमच्याकडून? शेजारी?”

“पण तू... अगं, अध्यक्षाच्या बायकोनं काम करायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. लोक बोलतात.”

“आता तुम्ही अध्यक्ष खंय आसात?” त्या मालवणीवर आल्या. मालवणीवर आल्या की विषय संपला, हे अण्णांना लग्नापासून माहीत होतं.

कार्यक्रमाच्या रविवारी अण्णांनी जाहीर केलं की आपण जाणार नाही. जयमालाबाई दुपारीच गेल्या. साडेपाचला अण्णा पाय मोकळे करायला म्हणून निघाले आणि पाय त्यांना शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. गोटीरामशेठचा मंडप उभा होता. धुतलेला पडदा लांबूनही ओळखू येईना. आपण तो निळा घ्यायला लावला होता, हे अण्णांना त्या दिवशी आठवलं. आणि माणसं येत होती. नटवलेली पोरं घेऊन, म्हाताऱ्यांचे हात धरून, चक्क वेळेच्या आधी येत होती.

फाटकावर बंडू उभा होता. “या, या, अण्णा! पास?”

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. बंडूचा चेहरा पडला. “म्हणजे मॅडम म्हणाल्यात, सगळ्यांना विचारायचं. मी तुमचा पास काढून ठेवलाय. हा घ्या. आता मला दाखवा.”

अण्णांनी त्याच्याच हातून पास घेऊन त्याला दाखवला आणि ते पाचव्या रांगेत जाऊन बसले. मंडळाचा कार्यक्रम समोरून बघण्याची त्यांची ही पहिली वेळ. गोटीरामशेठच्या खुर्च्या एका पायाने आखूड असतात, खाडीकडून येणारे डास आधी घोट्याला चावतात, आणि पुढे उंच माणूस बसला की अर्धं स्टेज जातं, ह्या गोष्टी त्यांना नव्या होत्या. सरदार मरताना लोक ह्याच खुर्च्यांवर बसायचे, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो झटकला.

हंगामी अध्यक्ष म्हणून गोटीरामशेठ माइकसमोर आले. अण्णांनी हाताची घडी घातली. आता कळेल ह्यांना, अध्यक्षीय भाषण म्हणजे काय असतं.

“मंडली, आलात, बरं वाटलं,” गोटीरामशेठ म्हणाले. “आता नाटक बगा.” आणि गेले. एवढी टाळी अण्णांना त्यांच्या सबंध कारकिर्दीत पडली नव्हती.

पहिली बालनाटिका झाली. एका ससोबाने मध्येच आईला हाक मारली, तेव्हा मंडप हसून लोटपोट झाला. मध्यंतराची घोषणा झाली आणि अण्णांच्या खुर्चीशी सुचिता उकिडवी बसलेली दिसली. कपाळावर घाम.

“अण्णा, एक अडचण झालीय. काकूंच्या एकांकिकेतले नवरा झालेले गृहस्थ आलेच नाहीत. आत्ता निरोप आला, पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही म्हणून त्यांना कंपनीत थांबवून ठेवलंय.”

“प्लॅनिंग,” अण्णा म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

“चुकलं माझं. दुसरा माणूस तयार ठेवायला पाहिजे होता. तुम्ही उभे राहाल का?”

अण्णांच्या अंगावरून मोरपीस फिरलं. ह्या क्षणासाठी त्यांनी चिवडा करवला होता. “वाक्यं किती आहेत?”

“एक.”

“एक पान?”

“एक वाक्य. नवरा खुर्चीत पेपर वाचत बसतो. बायको बोलते. अगदी शेवटी ती विचारते, ‘ऐकलंत ना?’ आणि नवरा पेपर खाली करून म्हणतो, ‘काय म्हणालीस?’ तिथे पडदा.”

“बाकी वेळ?”

“गप्प.”

“निदान मध्ये कुठे एखादं स्वगत...”

“नाही, अण्णा.” सुचिता उभी राहिली. “जमणार नसेल तर तसं सांगा. मी बंडूकाकांना बसवते.”

बंडूचं नाव ऐकताच अण्णा उठले. पडद्यामागे जयमालाबाई हिरव्या इरकली लुगड्यात उभ्या होत्या. गजरा माळलेला. अण्णांना पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही? बरं. पेपर सरळ धरा, आणि माझ्यामध्ये बोलू नका.” पेपर देताना लागलेला त्यांचा हात थंडगार होता. अण्णा चपापले. जयमाला कशाला घाबरते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

पडदा वर गेला. अण्णा खुर्चीत पेपर घेऊन. लोकांनी त्यांना ओळखलं आणि पहिल्या वाक्याआधीच खसखस पिकली. मग जयमालाबाई बोलायला लागल्या.

एखाद्या बाईने जपून ठेवलेला डबा उघडावा आणि त्यातून एकेक वस्तू बाहेर काढून ठेवावी, तशा त्या बोलत होत्या. लग्नानंतर मांडव उतरायच्या आत मित्राच्या नाटकाचा पडदा ओढायला गेलेला नवरा. नव्या घरातली खिडकी, जिला सात वर्षं पडदा नाही, कारण ह्यांचे सगळे पडदे स्टेजवर. “माझी रेशमी लुगडी होती चार,” त्या म्हणाल्या. “त्यांचे फेटे झाले. सबंध सैन्य माझ्या माहेरचं नेसून लढलं. आणि तरी हरलं!”

मंडपात हशा फुटला. पेपरामागे अण्णांचे कान लाल झाले. हे आपलंच चाललंय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि सबंध सानपाड्याच्याही. ‘सैन्य हरलं नाही, फितुरी झाली’ हे वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं. पेपर थरथरायला लागला, तर लोक त्यालाही हसले. त्यांनी एक पाय हलवला, हसले. उसासा टाकला, जास्तच हसले. न बोलता इतकं पदरात पडतं, हे अण्णांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

“अख्खं जग ह्यांचं ऐकतं म्हणे,” जयमालाबाई म्हणाल्या. “हे कोणाचं ऐकतात, ते मात्र मला अजून कळलं नाही.” इथे त्यांचा आवाज जरासा खाली गेला. अण्णा पेपरामागे बसून ते वाक्य ऐकत राहिले. मग त्या आपल्या तापाच्या दिवसांबद्दल बोलल्या, जेव्हा त्या एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. अण्णांना तो ताप आठवेना. त्यांनी फार प्रयत्न केला. कुठल्या साली? कुठल्या तालमीच्या वेळी?

“ऐकलंत ना?” जयमालाबाईंनी विचारलं.

अण्णांनी पेपर खाली केला. त्या त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले, आणि दोन शब्दांचं वाक्य त्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. तीन अंक तोंडपाठ असलेला माणूस! लोक वाट बघत होते. पहिल्यांदा कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं.

विंगेत बंडू प्रॉम्प्टरचा कागद घेऊन बसला होता. तो कुजबुजला, “काय म्हणालीस?”

अण्णांना ऐकू आलं नाही. बंडूने जोर लावला. “अण्णा! काय म्हणालीस!”

अण्णा विंगेकडे वळून त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “काय म्हणालास?”

पडदा पडला तरी हसणं थांबेना. तो वर गेला, पडला, पुन्हा वर गेला. जयमालाबाईंनी वाकून नमस्कार केला. अण्णा पेपर हातात घेऊन उभेच. कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” आणि अण्णा चुकून परत खुर्चीत बसले, तेव्हा आणखी एकदा मंडप कोसळला.

मागच्या बाजूला गोटीरामशेठनी त्यांना मिठीच मारली. “अण्णा, आज झ्याक! आज तुमी काम केलात. खरं सांगतो, मी डोले उगडे ठेवून बगितलं.”

सुचिता म्हणाली, “शेवटचं वाक्य आता असंच ठेवू या. मी संहितेत बदलते.”

घरी जाताना अण्णा आणि जयमालाबाई बरोबर चालत होते, हेही नवीनच. अण्णांनी विचारलं, “ते नाटक लिहिलं कोणी?”

“मीच म्हणायचं. ती पोर दारावर आली होती ना, नाटकाला का येत नाही विचारत. मी म्हटलं, बस जरा. मग मी बोलत गेले. ती म्हणाली, काकू, हेच करू.”

अण्णा थोडे चालले. “तो ताप कुठल्या साली आला होता?”

“आता काय करायचंय?”

“नाही, सांग.”

त्यांनी सांगितलं. ‘बुरुजाची आण’चा पहिला प्रयोग. कोपऱ्यावर अण्णांनी जयमालाबाईंच्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली आणि ती तेवढी जड नाही असं त्या म्हणाल्या तरी परत दिली नाही.

पुढच्या सभेत नव्या अध्यक्षाची निवड होती. बंडूने सवयीने अण्णांचं नाव सुचवलं. अण्णांनी क्षणभर विचार केला, पण क्षणभरच. “मला वेळ नाही,” ते म्हणाले. “आमचे प्रयोग लागलेत.”

ते खरंच होतं. तळवलीच्या उत्सवात एक झाला. मग करावे गावच्या कोळणींनी निरोप पाठवला, की त्या पेपरवाल्याला घेऊन या. गोटीरामशेठनी टेंपो दिला. पुढे ड्रायव्हरशेजारी प्रमुख नायिका म्हणून जयमालाबाई, आणि मागे सामानाबरोबर, खुर्चीवर बसून, अण्णा. सुचिताने आता एक नवरा राखीव ठेवला होता. तो राखीव नवरा बंडू होता, त्यामुळे अण्णांनी त्या हंगामात शिंकसुद्धा येऊ दिली नाही.

करावेला खाडीचा वारा असा सुटला होता की पेपर धरता धरवेना. पहिल्या रांगेत बायका पाय पसरून बसल्या होत्या, मध्ये सखूआजी, गावात जिच्या शब्दापुढे कोणी जात नसे. प्रयोग सुरू झाला. जयमालाबाईंनी नवऱ्याला पहिला प्रश्न विचारला, “अहो, खिडकीला पडदा कधी लावताय?”

नवऱ्याने उत्तर द्यायचं नव्हतं. पण सखूआजीने दिलं. “तो काय बोलाचा नाय, बाय! तुजा तू लाव!”

बाकीच्या बायकांनी तिला दुजोरा दिला. त्यानंतर जयमालाबाईंनी विचारलेला एकही प्रश्न अनुत्तरित राहिला नाही. फेट्यांचा उल्लेख आला तेव्हा एक म्हातारी उठून उभीच राहिली आणि अण्णांना म्हणाली, “मेल्या, लुगरी परत दे तिची!”

जयमालाबाईंनी अण्णांकडे पाठ केली, पदर खोचला, आणि रंगमंचाच्या कडेला येऊन सरळ त्या बायकांशीच बोलू लागल्या. संहितेत नसलेलं बोलू लागल्या, आणि बायका त्यांना सांगू लागल्या. नाटक भलतीकडेच निघालं होतं. विंगेतून दिग्दर्शिका सुचिता घड्याळ दाखवत होती, पण तिच्याकडे बघणार कोण? अण्णा पेपरामागे सरकून नीट बसले. वाऱ्याने पेपराचं एक पान नेलं. मग दुसरं नेलं. अण्णांनी राहिलेलं एक पान दोन्ही हातांनी तोंडासमोर घट्ट धरलं, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि नवऱ्याने हसायचं नाही, अशी दिग्दर्शिकेची सक्त ताकीद होती.